निकाल अंतिम, अंमल अनिश्चित : इंडोनेशियाचे घटना न्यायालय आणि इस्लामी न्यायविचार

ऑगस्ट २०२४ मधील तीन दिवसांत इंडोनेशियाच्या राज्यघटनेची कसोटी लागली. २० ऑगस्ट रोजी तेथील घटना न्यायालयाने प्रांतिक निवडणुकांसंबंधी दोन निकाल दिले. पहिल्या निकालाने गव्हर्नर आणि महापौरपदासाठी उमेदवार उभा करण्याची राजकीय पक्षांवरील अट सैल केली. प्रांतिक विधिमंडळातील २० टक्के जागा किंवा २५ टक्के मते ही जुनी अट होती. तिच्या जागी मतदारसंख्येनुसार साडेसहा ते दहा टक्के मतांची अट आली. दुसऱ्या निकालाने उमेदवाराची किमान वयोमर्यादा उमेदवारी निश्चित होण्याच्या दिवशी पूर्ण झाली पाहिजे, असा अर्थ लावला. गव्हर्नरपदासाठी ही मर्यादा ३० वर्षे आहे. तत्कालीन अध्यक्ष जोको विडोडो यांचे धाकटे चिरंजीव त्या वेळी २९ वर्षांचे होते आणि त्यांच्या उमेदवारीची चर्चा जोरात होती. त्यामुळे या निकालाचा राजकीय अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

दुसऱ्याच दिवशी प्रतिनिधिगृहाच्या विधिविषयक समितीने काही तासांत निवडणूक कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा संमत केला. मतांची सवलत केवळ विधिमंडळात जागा नसलेल्या पक्षांपुरती ठेवावी आणि वयाची गणना पदग्रहणाच्या दिवशी करावी, असा त्याचा आशय होता. न्यायालयाने दिलेले बहुतांशी काढून घेण्याचाच हा प्रकार होता. २२ ऑगस्टला मसुदा सभागृहापुढे यायचा होता. निळ्या पार्श्वभूमीवर गरुडाचे राजचिन्ह आणि त्यावर आणीबाणीचा इशारा, असे चित्र तोवर देशभर पसरले होते. जाकार्ता, बांडुंग, योग्यकर्ता येथे विद्यार्थी, कामगार आणि कलावंत रस्त्यावर उतरले. सभागृहात गणसंख्या भरली नाही आणि मसुदा बारगळला. २५ ऑगस्टला निवडणूक आयोगाने न्यायालयाच्या निकालानुसार नियम बदलले.

निकाल पाळला गेला. परंतु तो पाळण्यासाठी हजारो लोकांना रस्त्यावर यावे लागले. जो निकाल घटनेनुसार अंतिम आहे, त्याच्या अंमलबजावणीसाठी मोर्चा का काढावा लागतो, हा प्रश्न इंडोनेशियात दोन दशकांपासून विचारला जात आहे. घटनातज्ज्ञांबरोबरच तेथील इस्लामी विद्यापीठांतील शरियतचे अभ्यासकही तो आपल्या परंपरेच्या परिभाषेत मांडत आले आहेत. ती परिभाषा मराठी वाचकाला वाटते तितकी परकी नाही. या न्यायालयाचे इंडोनेशियन नाव ‘माहकामा कॉन्स्टिटुसी’ असे आहे. त्यातील ‘माहकामा’, कायदा या अर्थाचा तेथील ‘हुकुम’ हा शब्द आणि मराठीतील हुकूम व हाकीम हे सारे एकाच अरबी धातूचे वंशज आहेत.

न्यायालयाचा जन्म आणि त्याच्या मर्यादा

मे १९९८ मध्ये सुहार्तो यांची तीन दशकांची राजवट संपली. त्यानंतर १९९९ ते २००२ या काळात १९४५ च्या राज्यघटनेत चार वेळा दुरुस्त्या झाल्या. त्यांपैकी २००१ च्या तिसऱ्या दुरुस्तीने घटना न्यायालयाची तरतूद केली आणि ऑगस्ट २००३ मध्ये ते अस्तित्वात आले. त्यात नऊ न्यायाधीश असतात. अध्यक्ष, प्रतिनिधिगृह आणि सर्वोच्च न्यायालय प्रत्येकी तिघांची निवड करतात. कायद्यांची घटनेशी सुसंगती तपासणे, घटनात्मक संस्थांमधील अधिकारांचे तंटे सोडविणे, राजकीय पक्षांचे विसर्जन आणि निवडणूक निकालांवरील वाद हे त्याचे अधिकार आहेत. अध्यक्षांवरील महाभियोगाच्या आरोपांविषयी मत देणे हे त्याचे कर्तव्य आहे. घटनेच्या २४ सी या कलमानुसार त्याचा निकाल हा पहिल्या आणि शेवटच्या पातळीवरचा असतो. त्यावर अपील नाही. निकाल जाहीर होताच तो केवळ पक्षकारांना नव्हे तर सर्वांना बंधनकारक होतो.

कागदावरील या अधिकाराला दोन मोठ्या उणिवा आहेत. न्यायालयाजवळ निकालाची अंमलबजावणी करून घेणारी यंत्रणा नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाला कलम १२९ अन्वये आणि उच्च न्यायालयांना कलम २१५ अन्वये अवमानाबद्दल शिक्षा करता येते. शिवाय कलम १४४ नुसार सर्व अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साह्य करणे बंधनकारक आहे. इंडोनेशियाच्या घटना न्यायालयाला अवमानाबद्दल शिक्षेचा असा अधिकार नाही. दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. हे न्यायालय फक्त संसदीय कायदा तपासू शकते. सरकारी नियम, मंत्रालयांचे आदेश आणि त्याखालचे नियम तपासण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाकडे आहे. म्हणजे कायद्यातील एखादे कलम रद्द झाले आणि तेच नियमाच्या किंवा परिपत्रकाच्या रूपाने परत आले, तर घटना न्यायालयाला त्याला हात लावता येत नाही.

अवज्ञेचे चार प्रकार

निकाल धुडकावणे म्हणजे दरवेळी उघड बंड नसते. इंडोनेशियाच्या अनुभवात त्याचे चार प्रकार स्पष्ट दिसतात.

पहिला प्रकार विलंबाचा. राज्यघटनेच्या ३१ व्या कलमाप्रमाणे अंदाजपत्रकातील किमान २० टक्के रक्कम शिक्षणासाठी राखली पाहिजे. २००५ पासून न्यायालयाने एकापाठोपाठ एका वर्षाचे अंदाजपत्रक या कसोटीवर घटनाविरोधी ठरविले, तरी सरकार तिजोरीच्या अडचणी सांगत राहिले. न्यायालयाने ऑगस्ट २००८ मध्ये अखेरचा इशारा दिल्यावर २००९ च्या अंदाजपत्रकात ही पातळी गाठली गेली. मधल्या काळात, २००७ च्या प्रकरणात, शिक्षकांचे वेतनही शिक्षणखर्चात धरावे असा निकाल झाला होता. त्यामुळे आकडा गाठणे सोपे झाले, हेही नोंदवायला हवे. आदिवासी समाजांच्या परंपरागत वनांची कथा अशीच आहे. ही वने सरकारी वने नव्हेत, असे न्यायालयाने मे २०१३ मध्ये ठरविले. त्यानुसार पहिल्या नऊ समाजांच्या हाती मान्यतेचे आदेश पडायला डिसेंबर २०१६ उजाडले.

दुसरा प्रकार पुनरागमनाचा. अध्यक्षांच्या अवमानाला शिक्षा देणारी वसाहतकालीन कलमे न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये रद्द केली. डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या आणि २ जानेवारी २०२६ पासून लागू झालेल्या नव्या दंडसंहितेत हा गुन्हा परतला. आता त्यासाठी स्वतः अध्यक्षांची तक्रार लागते, म्हणून हे कलम निराळे आहे, असा सरकारचा युक्तिवाद आहे. रोजगारनिर्मिती कायद्याबाबत तर वेगळाच मार्ग निघाला. हा कायदा करताना विहित पद्धत पाळली गेली नाही, म्हणून तो सशर्त घटनाबाह्य ठरवून न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी दोन वर्षांची मुदत दिली. लोकांचा अर्थपूर्ण सहभाग हा त्या निकालाचा गाभा होता. सरकारने ३० डिसेंबर २०२२ रोजी अध्यादेश काढला आणि मार्च २०२३ मध्ये प्रतिनिधिगृहाने त्याला मंजुरी दिली. ज्या सहभागासाठी मुदत दिली होती, त्याला अध्यादेशात वावच नव्हता. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने या पद्धतीवरील आक्षेप फेटाळले.

तिसरा प्रकार खालच्या नियमाचा, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या न्यायालयाचेच आहे. फौजदारी खटल्यात पुनर्विलोकनाचा अर्ज एकदाच करता येतो, हे कलम मार्च २०१४ मध्ये घटना न्यायालयाने रद्द केले. सत्य शोधताना वेळेची आणि संख्येची मर्यादा न्यायाच्या आड येऊ नये, हे त्यामागील सूत्र होते. ३१ डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढून पुनर्विलोकन एकदाच, असा दंडक पुन्हा घातला. अपवाद ठेवला तो एकाच विषयावर दोन परस्परविरोधी निकाल असण्याचा. २०१५ च्या जानेवारी आणि एप्रिल महिन्यांत अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत १४ जणांना मृत्युदंड देण्यात आला. फाशीच्या कोठडीत असलेल्या माणसासाठी अर्ज एकदा की अनेकदा, हा प्रश्न परिभाषेचा नसतो.

चौथा प्रकार न्यायाधीशांवरील दबावाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने आपल्या वाट्यातून नेमलेले न्यायाधीश अस्वान्तो यांना मुदतीपूर्वीच बदलले. सभागृहाने केलेले कायदे ते रद्द करतात, हे कारण उघडपणे सांगण्यात आले. येथे निकाल नाकारण्याऐवजी निकाल देणाराच बाजूला केला गेला.

त्रिसक्ती विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ ते २०१८ या काळातील १०९ निकाल तपासले. त्यांपैकी ५९ पूर्णपणे आणि ६ अंशतः पाळले गेले होते. २४ पाळले गेले नव्हते आणि उरलेल्या २० निकालांबाबत निष्कर्ष काढता आला नाही. अवज्ञा हा अपवाद नाही, हे या आकड्यांवरून दिसते. तशीच ती सार्वत्रिकही नाही.

इस्लामी न्यायशास्त्राची दृष्टी

इंडोनेशियाची बहुसंख्य प्रजा मुस्लिम असली, तरी राज्य पंचशीलाच्या म्हणजे ‘पंचसिला’च्या तत्त्वांवर उभे आहे. विवाह, वारसा अशा बाबींसाठी धार्मिक न्यायालये आहेत. घटनात्मक प्रश्नांवर शरियत लागू होत नाही. मग या चौकटीत इस्लामी न्यायशास्त्राने काय सांगावे? तेथील अभ्यासक हा विचार ‘सियासा दुस्तुरिया’ या शाखेत करतात. राज्याची मूलभूत व्यवस्था, राज्यकर्ता आणि प्रजा यांचे परस्परसंबंध हा या शाखेचा विषय. मराठीतील ‘दस्तूर’ हा शब्द त्याच घराण्यातला आहे. शरियत घटनेच्या वर आहे असा दावा या विचारात सहसा नसतो. श्रद्धावान राज्यकर्त्याने स्वीकारलेल्या घटनेशी कसे वागावे, हा त्याचा प्रश्न आहे.

पहिला आधार अमानत आणि आज्ञापालन यांचा. कुराणाच्या चौथ्या अध्यायात ५८ व्या आयतीत ठेव ज्याची त्याला परत करावी आणि लोकांचा निवाडा न्यायाने करावा, असा आदेश आहे. पुढच्याच आयतीत ईश्वर, प्रेषित आणि अधिकारी व्यक्ती यांचे आज्ञापालन सांगितले आहे. मतभेद झाल्यास तो ईश्वर आणि प्रेषितांकडे न्यावा, असेही त्यात आहे. दुसऱ्या आयतीचा वापर राज्यकर्ते प्रजेला गप्प करण्यासाठी सोयीने करतात. परंतु दोन्ही आयतींचा क्रम पाहिला, तर आधी अधिकाऱ्याचे कर्तव्य येते आणि नंतर प्रजेचे. शिवाय दुसऱ्या आयतीत मतभेदाची शक्यता गृहीत धरली आहे. राज्यकर्त्याचा शब्द हाच शेवटचा शब्द, असे ती म्हणत नाही.

दुसरा आधार कराराचा. पाचव्या अध्यायाचा आरंभच वचने पूर्ण करण्याच्या आज्ञेने होतो. इंडोनेशियातील दोन प्रमुख मुस्लिम संघटनांनी हा विचार राज्यघटनेशी जोडला आहे. नहदलातुल उलामाने १९८४ मध्ये सितुबोंदो येथील अधिवेशनात पंचसिला स्वीकारली. मुहम्मदियाने २०१५ मध्ये मकास्सर येथे राज्याला सहमतीची आणि कराराची भूमी म्हटले. राज्य हा करार असेल, तर घटना हे त्याचे लेखी रूप आणि तिचा अर्थ सांगणारा निकाल हा कराराचाच भाग ठरतो. पदाची शपथ घेऊन तो मोडणे हा मग केवळ कायद्याचा भंग राहत नाही. तो वचनभंग होतो.

तिसरा आधार न्यायनिर्णयाच्या अंतिमतेचा. न्यायाधीशाचा निर्णय मतभेद मिटवितो आणि एका विचारांती दिलेला निर्णय दुसऱ्या तशाच निर्णयाने उलटत नाही, ही फिकहची दोन प्रसिद्ध सूत्रे आहेत. दुसऱ्या सूत्रामागे खलिफा उमर यांची एक परंपरागत हकीकत सांगितली जाते. वारशाच्या एका प्रकरणात त्यांनी सख्ख्या भावांना वाटा नाकारला. पुढे तशाच प्रकरणात तो दिला. विसंगती दाखवली गेली, तेव्हा पहिले प्रकरण पहिल्या निर्णयाप्रमाणे आणि हे या निर्णयाप्रमाणे राहील, अशी त्यांनी भूमिका घेतली. मत बदलता येते. दिलेला निवाडा मात्र विस्कटता येत नाही. नाहीतर कोणताच तंटा कधी संपणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचे २०१४ चे परिपत्रक या कसोटीवर टिकणे कठीण आहे. आपले मत वेगळे आहे एवढ्या कारणावरून, अधिकार असलेल्या न्यायपीठाचा निर्णय निष्प्रभ करण्याचाच तो प्रयत्न होता.

जुलुमाचे न्यायपीठ

चौथा आधार या विषयाला सर्वांत जवळचा आहे. अकराव्या शतकातील बगदादचे न्यायाधीश अल् मावर्दी हे शाफई पंथाचे होते आणि इंडोनेशियात आजही याच पंथाचे अनुयायी बहुसंख्य आहेत. राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात मावर्दी यांनी सामान्य काझीचे न्यायपीठ आणि ‘मजालिम’चे न्यायपीठ यांत फरक केला आहे. मजालिम म्हणजे जुलुमाची गाऱ्हाणी. सामान्य काझी दोन पक्षकारांचा तंटा सोडवितो, तर मजालिमपुढे अधिकाऱ्यांची अरेरावी, करवसुलीतील अन्याय, बळकावलेल्या जमिनी हे विषय येतात. या पीठाची दहा कामे मावर्दी सांगतात. त्यांतील एक येथे नेमके लागू पडते. ज्याच्याविरुद्ध निकाल गेला तो बलवान असल्याने काझीला अंमल करता आला नाही, तर तो निकाल मजालिमने अमलात आणावा.

म्हणजे समोरचा पक्ष सामर्थ्यवान असला की निकाल कागदावरच राहतो, ही अडचण नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली गेली होती आणि तिच्यासाठी स्वतंत्र व्यवस्थाही कल्पिली होती. मावर्दी यांनी खलिफा मामूनची एक हकीकत नोंदवली आहे. एका स्त्रीने भर दरबारात आपली मालमत्ता बळकावल्याची फिर्याद केली. आरोपी होता खलिफाचा मुलगा अब्बास. मामूनने त्याला तिच्या शेजारी बसवून निवाडा करविला. तिचा आवाज चढला, तेव्हा दरबारी तिला दटावू लागले. पण खलिफाने त्यांना थांबविले आणि तिची मालमत्ता परत देवविली.

इंडोनेशियातील अनेक अभ्यासक घटना न्यायालयाला आधुनिक मजालिम म्हणतात. दोन्ही ठिकाणी प्रतिवादी राज्यसत्ताच असते, म्हणून ही तुलना पटते. तरी ती पूर्ण नाही. मजालिमचे सामर्थ्य खलिफाच्या इच्छेतून येत होते. मामूनने मुलाला शेजारी बसविले म्हणून स्त्रीला न्याय मिळाला. त्याने तसे केले नसते तर तिला दाद मागायला दुसरी जागा नव्हती. घटना न्यायालय सत्तेपासून वेगळे आहे, हे त्याचे श्रेष्ठत्व आहे. पण मजालिमजवळ जी अंमलबजावणीची ताकद होती, नेमकी तीच त्याच्याजवळ नाही.

पाचवे सूत्र ‘मसलहत’ म्हणजे लोकहिताचे. प्रजेसंबंधी राज्यकर्त्याची प्रत्येक कृती लोकहिताला बांधलेली असावी, असे फिकह सांगते. मराठीत ‘मसलत’ म्हणून हाच शब्द आला, पण त्याचा अर्थ खलबत असा झाला. रोजगारनिर्मितीच्या अध्यादेशाचे समर्थन जागतिक मंदीच्या धोक्याचे कारण देऊन, म्हणजे लोकहिताच्याच नावाने केले गेले. तेव्हा लोकहित कोणते हे ठरविणार कोण, असा प्रश्न उरतो. फिकहची शिस्त येथे उपयोगी पडते. लोकहिताचा दावा निश्चित, व्यापक आणि खरोखर निकडीचा असला पाहिजे. शिवाय लाभ मिळविण्यापेक्षा हानी टाळणे आधी येते. निकाल पाळण्याची सवय मोडणे ही दीर्घकाळ टिकणारी हानी आहे.

जेथे प्रश्न अवघड होतो

हा विचार एकाच दिशेने जात नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये घटना न्यायालयाने विवाहबाह्य संततीचे दिवाणी नाते, वैज्ञानिक पुराव्याने सिद्ध झाल्यास, पित्याशीही जोडले. पुढच्याच महिन्यात उलेमा परिषदेने फतवा काढून व्यभिचारातून जन्मलेल्या मुलाचे पित्याशी वंशाचे आणि वारशाचे नाते नाकारले. मात्र त्याच फतव्यात शासनाने त्या पुरुषाला मुलाच्या पोषणाचा खर्च करण्यास आणि मृत्यूनंतर मालमत्तेतून हिस्सा देण्यास भाग पाडावे, असेही सांगितले. निकालाशी असहमत असतानाही, ज्या मुलाला न्यायालय संरक्षण देऊ पाहत होते त्याचे हित परिषदेने वाऱ्यावर सोडले नाही. असहमती आणि अवज्ञा यांतील अंतर या उदाहरणात दिसते.

दुसरी अडचण न्यायालयाच्या स्वतःच्या चारित्र्याची आहे. सरन्यायाधीश अकील मोख्तार यांना ऑक्टोबर २०१३ मध्ये लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे जन्मठेप झाली. १६ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने निवडून आलेल्या प्रादेशिक पदाधिकाऱ्यांना ४० वर्षांच्या वयोमर्यादेतून सूट मिळाली. त्यामुळे अध्यक्ष विडोडो यांचे थोरले चिरंजीव जिब्रान यांना उपाध्यक्षपदाचा मार्ग मोकळा झाला. त्या वेळचे सरन्यायाधीश अन्वर उस्मान हे अध्यक्षांचे मेहुणे होते. न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश जिम्ली अस्शिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखालील आचारसंहिता मंडळाने ७ नोव्हेंबर रोजी गंभीर नीतिभंगाबद्दल त्यांना सरन्यायाधीशपदावरून दूर केले. निकाल मात्र अंतिम असल्याने कायम राहिला आणि निवडणूक आयोगाने त्याप्रमाणे नियमही तत्परतेने बदलले.

लाच घेणारा न्यायाधीश आणि आप्तांच्या बाजूने निवाडा देणारा न्यायाधीश या दोघांविषयी फिकहची भूमिका कठोर आहे. संशयाच्या जागेपासून न्यायाधीशाने दूर राहावे, असे ते सांगते. मग असा निकालही पाळावा काय? येथे शास्त्रवचनांची ओढाताण करता येईल. परंतु एकदा सदोष निकाल न पाळण्याची मुभा मिळाली की दोष कोणता हे सत्ताधारीच ठरवील. म्हणून दोषी न्यायाधीशाला शासन आणि निकालाला मात्र अंतिमता, असा कटू मार्ग घ्यावा लागतो. २०२३ चा सोयीचा निकाल काही दिवसांत अमलात आला आणि २०२४ चा गैरसोयीचा निकाल दुसऱ्याच दिवशी मोडण्याचा घाट घातला गेला. यातला फरक निकालांच्या गुणवत्तेचा नव्हता. कोणाला काय हवे होते, याचा होता.

या अनुभवातून काही उपाय पुढे आले आहेत. निकालातच अंमलबजावणीची मुदत घालावी, पाठपुराव्यासाठी न्यायालयाला यंत्रणा द्यावी, खालचे नियम तपासण्याचा अधिकारही त्याच्याकडे एकवटावा आणि नेमणूक करणाऱ्यांना न्यायाधीश परत बोलावता येणार नाही असे कायद्यात स्पष्ट करावे, असे ते आहेत. त्यांपैकी बहुतेकांसाठी त्याच प्रतिनिधिगृहाची संमती लागेल ज्याने २०२४ मध्ये निकाल फिरविण्याचा प्रयत्न केला. तोपर्यंत निकालाचा आधार राज्यकर्त्याच्या वचनबद्धतेवर आणि नागरिकांच्या जागरूकतेवरच राहणार आहे. मामूनच्या दरबारात एका स्त्रीचा चढलेला आवाज ऐकून घेतला गेला. जाकार्तात तोच आवाज सभागृहाच्या दाराबाहेर उठवावा लागला.